नळाखालची ओंजळ

आमचे आमदार पहिल्यांदा आमच्या घरी आले ते थेट स्वयंपाकघरात. हॉलमध्ये सोफ्यावर संध्याने, म्हणजे माझ्या बायकोने, धुतलेली कव्हरं घातली होती. टीपॉयवर खोबऱ्याच्या वड्या मांडल्या होत्या. त्यांनी कशाकडेच पाहिलं नाही. ‘नमस्कार, नळ कुठे आहे?’ असं विचारलं, ओट्याशी गेले, शर्टाची बाही वर केली, नळाखाली ओंजळ धरली आणि घटाघट पाणी प्यायले. मग डोळे मिटून तसेच उभे राहिले. संध्या माझ्याकडे बघायला लागली, मी त्यांच्याकडे.

‘गंजाची चव आहे,’ डोळे उघडून ते म्हणाले. ‘आता बोला, तक्रार काय आहे?’

तक्रार हीच होती.

‘अहो, पण आपण समोरासमोर राहतो,’ मी म्हणालो. ‘एकाच टाकीचं पाणी पितो. तुम्हाला तुमच्या नळावरूनच कळलं असतं की.’

‘माझ्या नळाची साक्ष चालत नाही,’ ते म्हणाले. ‘मी प्रश्नकर्ता आहे. उद्या मंत्री म्हणतील, याला स्वतःच्या घरचीच पडलीय.’

आणि रुमालाने हात पुसून, एक वडी उचलून ते निघून गेले.

हे विनायक पेंडुरकर. ठाकुर्लीत लहानथोर सगळे त्यांना अप्पा म्हणतात. मूळचे मालवणकडचे, पण जन्म इथलाच. दोनदा आमदार झाले तरी आमच्या बिनलिफ्टच्या बिल्डिंगमधली दोन खोल्यांची जागा त्यांनी सोडली नाही. एकाच मजल्यावर त्यांचं दार आणि माझं दार समोरासमोर. मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे, म्हणजे वार्षिक सभेत ज्याला वेळेवर नाही म्हणता आलं नाही तो माणूस. अप्पांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. कायम ‘सेक्रेटरी’.

आमदार शेजारी राहतात म्हटलं की लोकांना माझा हेवा वाटायचा. अशांना मी आमचा जिना दाखवायला आणायचो. रोज सकाळी अप्पांकडे माणसं यायची. त्याला दरबार म्हटलेलं त्यांना आवडत नसे. ‘दरबार कसला? गाऱ्हाणी ऐकतो,’ म्हणायचे. तर या गाऱ्हाणीवाल्यांच्या चपला त्यांच्या दारात मावत नसत. त्या सरकत सरकत माझ्या पायपुसण्यावर यायच्या. दूधवाला लांबूनच पिशवी फेकायचा. एकदा घाईघाईत मी दुसऱ्याच कोणाच्या चपला घालून ठाण्याला ऑफिसात गेलो. संध्याकाळी परत आलो, तर त्या चपलांचा मालक अनवाणी अप्पांच्या खोलीत बसलेला, आणि अप्पांनी त्याची तीही तक्रार लिहून घेतलेली.

शेवटी सोसायटीच्या सभेत मी हा विषय काढला. मला वाटलं, अप्पा चिडतील. तर ते उभे राहिले आणि म्हणाले, ‘सेक्रेटरींचं म्हणणं खरं आहे. मी काल स्वतः अडखळून पाहिलं.’ दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या पैशाने चपलांचा लाकडी स्टँड आणला. तो ठेवायला जागा नव्हती म्हणून माझ्या दाराशी ठेवला.

स्वतः करून पाहिल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नसे. रस्त्यात खड्डा आहे म्हटलं की ते त्यात उतरायचे. बसथांब्याचं छप्पर गळतं म्हटलं की भर पावसात छत्री मिटून त्याखाली उभे राहायचे. सरकारी दवाखान्यात लोकांना ताटकळत ठेवतात अशी कोणीतरी कुरकुर केली, तर हे मफलर गुंडाळून, केसपेपर काढून बाकावर जाऊन बसले. नंबर यायला दुपार झाली. डॉक्टर बिचारा चांगला होता. त्याने जीभ बघितली, छाती तपासली आणि खोकल्याचं औषध लिहून दिलं. अप्पांना खोकला नव्हता. तरी त्यांनी ती बाटली घरी आणून संपवली, कारण अर्धवट पाहणी त्यांच्या तत्त्वात बसत नव्हती.

सार्वजनिक शौचालयाच्या उद्घाटनाचा किस्सा तर डोंबिवलीपर्यंत गेला होता. फीत बांधलेली, बँड आलेला, कंत्राटदार सफारी घालून हार घेऊन उभा. अप्पांच्या हातात कात्री दिली. अप्पांनी ती कंत्राटदाराच्या हातात दिली, फितीखालून वाकून आत शिरले आणि दार लावून घेतलं. बँडवाल्यांना काय करावं कळेना. त्यांनी एक गाणं वाजवलं, संपलं, दुसरं सुरू केलं. त्यात आतून आवाज आला, ‘कडी लागत नाही! पाणीही नाही!’ फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला. अप्पा बाहेर आले आणि म्हणाले, ‘उद्घाटन पुढच्या महिन्यात.’ कंत्राटदाराने हार तसाच परत नेला. अशी माणसं हे प्रसंग विसरत नाहीत आणि निवडणुका तर येतच असतात.

नवरात्रात ते दरवर्षी ठाण्यात टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाला जायचे. आमदार म्हणून त्यांना पुढून सोडलं असतं, पण ते साध्या रांगेत उभे राहायचे. एकदा मी बरोबर गेलेलो. देवीपुढे त्यांनी हात जोडले न जोडले आणि मला घेऊन मांडवाच्या मागे गेले. तिथे बायकांसाठी फिरती स्वच्छतागृहं ठेवली होती. देखरेखीच्या बाईंना विचारून त्यांनी बाहेरच्या नळाला पाणी येतं का ते पाहिलं. येत होतं. दिवे पाहिले. लागत होते. येताना गाडीत ते अगदी गप्प. मी विचारलं, ‘काय झालं?’ तर म्हणाले, ‘काही नाही. सगळं ठीक होतं.’

आता त्यांच्या बोलण्याबद्दल सांगायला हवं. विधानसभेत प्रश्न विचारायची एक ठरीव तऱ्हा असते. छापील प्रश्नात आधी येतं, ‘अमुक ठिकाणी अमुक झाले आहे, हे खरे आहे काय?’ मग येतं, ‘असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली?’ आणि शेवटी, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ अप्पांनी इतके प्रश्न विचारले की ही भाषा त्यांच्या अंगात भिनली. सकाळी मी दार उघडलं की समोरून ऐकू यायचं, ‘सुमन, चहा होणार होता, हे खरे आहे काय? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ आणि आतून सुमनवहिनी मंत्र्याच्या थाटात उत्तर द्यायच्या, ‘प्रश्न उद्भवत नाही. दूध नासलंय.’

वहिनी बारीक अंगाच्या, हसऱ्या. राजकारणातलं आपल्याला काही कळत नाही असं सांगायच्या, पण आलेल्या माणसाला चहा द्यायचा की नुसतं पाणी, हे त्यांना जिन्यातल्या पावलांवरून कळायचं.

अप्पांचा खरा प्रश्न मात्र एकच होता. पाणी. आमच्या भागातली मुख्य लाइन जुनी, गंजलेली. वरच्या मजल्यांवर पाणी चढायचं नाही, जे चढायचं ते लालसर. तिसऱ्या मजल्यावर कांबळेबाई राहतात, महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. त्या दर आठवड्याला अप्पांकडे यायच्या आणि वर्गात मुलांना बोलावं तशा बोलायच्या. ‘अप्पा, हे पाणी बघा. याच्यात मी डाळ शिजवायची? शिजत नाय हो!’ अप्पा जिना चढून जायचे, त्यांच्या नळाखाली ओंजळ धरायचे, प्यायचे, आणि पुढच्या अधिवेशनात पुन्हा प्रश्न टाकायचे. शासनाचं उत्तर यायचं, ‘हे अंशतः खरे आहे.’ अप्पा ते उत्तर हातात घेऊन जिन्यात भेटेल त्याला विचारायचे, ‘अंशतः म्हणजे काय हो? बादली अंशतः भरते?’

एकदा मंत्र्यांना दाखवायला म्हणून त्यांनी कांबळेबाईंच्या नळाचं पाणी बाटलीत भरून विधानभवनात नेलं. दारावरच्या पोलिसाने अडवलं. म्हणाला, ‘साहेब, नियम आहे. बाटलीत काय आहे ते पिऊन दाखवा.’ पोलिसाला एक घोट पुरला असता. पण अप्पांना वाटलं, नियम म्हणजे नियम. त्यांनी सगळी बाटली रिकामी केली. मंत्र्यांना दाखवायला काही उरलं नाही. दुसऱ्या दिवशी सभागृहात त्यांच्याच प्रश्नाचा पुकारा झाला तेव्हा अप्पा घरी पोट धरून पडले होते, आणि कामकाजात ‘सदस्य अनुपस्थित’ अशी नोंद झाली. हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा अपमान. संध्याने त्यांना साखरमिठाचं पाणी करून दिलं, तेव्हा ते पेला बाजूला सारून म्हणाले, ‘उकळलंय का?’

पण माणूस चिवट. दहा जणांनी सोडून दिलं असतं, हे सोडेनात. अखेर नवी लाइन मंजूर झाली. रस्ते खणले गेले, चिखल झाला, लोकांनी अप्पांना शिव्या घातल्या. अप्पांनी त्याही लिहून घेतल्या. आणि लाइन टाकून पुरी व्हायच्या आत निवडणूक आली, आणि अप्पा पडले.

नवे आमदार तरुण आहेत. चांगले आहेत, उगाच का नावं ठेवा. मोबाइलवर तक्रारीचा फोटो टाकला की त्यांची पोरं दुपारपर्यंत येऊन काम करून जातात. नळाखाली ओंजळ वगैरे कोणी धरत नाही. लाइन सुरू झाली तेव्हा नाक्यावर कार्यक्रम झाला. नव्या आमदारांनी आपणहून अप्पांना स्टेजवर बोलावलं. अप्पा म्हणाले, ‘तुमचं चालू द्या, मी जरा बघून येतो.’ आणि मागच्या मागे निघून ते आले माझ्याकडे. थेट स्वयंपाकघरात. बाही वर केली, ओंजळ धरली, प्यायले, डोळे मिटले.

‘पाणी येते,’ ते म्हणाले, ‘हे खरे आहे.’

संध्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण मी सेक्रेटरी असल्यामुळे खिडकीबाहेर बघितलं.

त्यानंतर जिना रिकामा झाला. लोक वाईट नव्हते. त्यांना आता अप्पांकडे यायचं काही कारण उरलं नव्हतं. पाणी धो धो येत होतं, दिवे लागत होते, बाकीचं मोबाइलवर होत होतं. माझं पायपुसणं इतकं स्वच्छ राहायला लागलं की मला करमेना. अप्पा मात्र रोज सकाळी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, खिशाला पेन लावून, दार उघडं टाकून खुर्चीत बसायचे. जिन्यात पाऊल वाजलं की ताठ व्हायचे. पाऊल वरच्या मजल्यावर निघून जायचं.

मध्ये त्यांना लेकीने ठाण्याला, बाळकुमला नेलं. तिथे तिचं मोठ्या टॉवरमध्ये घर आहे. खालीच जिम, बाग, पोहण्याचा तलाव. अप्पा आठवडाभर राहायला म्हणून गेले ते लगेच परतले. मी विचारलं, ‘काय अप्पा, करमलं नाही?’

‘तिथे काही बिघडतच नाही हो,’ ते म्हणाले. ‘बिघडलं तर खालून फोन येतो, सर, आम्ही दुरुस्त केलंय. माणसाने तिथे करायचं काय?’

एक दिवस सकाळी सुमनवहिनी आमच्याकडे आल्या. ओट्याशी उभ्या राहिल्या. थोडा वेळ पदराशी चाळा करत होत्या. मग संध्याला म्हणाल्या, ‘अगं, तुमच्याकडे काही बंद पडलंय का?’

‘नाही हो वहिनी. का?’

‘काहीच नाही? नळ, दिवा, गटार, काहीही?’

संध्याला कळलं, मला कळलं नाही. मी सांगायला लागलो की आमचं सगळं उत्तम चाललंय. संध्याने मला डोळ्यांनी गप्प केलं.

‘आजकाल चहाला उशीर झाला तरी विचारत नाहीत ते,’ वहिनी म्हणाल्या. ‘काल मी मुद्दाम करायलाच घेतला नाही. म्हटलं, आता तरी म्हणतील, विलंबाची कारणे काय आहेत. दहा वाजून गेले. नुसते बसून राहिले गं. असं कधी बघितलं नव्हतं मी त्यांना. बोलणं बंद झालं तर माणूस आतून...’ मग त्या माझ्याकडे वळल्या. ‘काहीतरी तक्रार घेऊन या ना, भाऊजी. छोटीशी चालेल.’

वर्षानुवर्षं ज्या माणसाच्या दारातल्या गर्दीवर मी चडफडत होतो, त्याच्या दारात गर्दी जमवायची जबाबदारी माझ्यावर आली.

मी लगेच निघालो, तर संध्या म्हणाली, ‘चपला घालून जा.’

‘अगं, समोर तर जायचंय.’

‘घालून जा, आणि बाहेर काढ.’

मी नाक्यावरचा दिवा बंद असल्याची तक्रार केली. अप्पांनी ऐकून घेतली. विचारलं काहीच नाही, पण संध्याकाळी काठी घेऊन पाहायला गेले. दिवा लख्ख पेटलेला. तो खरंच बंद होता, मी खात्री करून घेतली होती. पण कांबळेबाईंनी सवयीने त्याचा फोटो नव्या आमदारांना पाठवला होता, आणि दुपारीच माणूस शिडी लावून गेला होता. मी कांबळेबाईंना गाठून सगळा प्रकार सांगितला. त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, ‘अहो, मग आधी नाय का सांगायचं! थांबा, मी जाते.’

त्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांची तक्रार नेली. फार भुंकतात, अंगावर येतात. अप्पा दुसऱ्या दिवशी बिस्किटाचा पुडा घेऊन पाहणीला गेले. कुत्री त्यांच्या पायाशी येऊन लोळली. परत आल्यावर कांबळेबाईंना एवढंच म्हणाले, ‘हे खरे नाही.’ आणि पुन्हा खुर्चीत बसले.

तेव्हा मला उमगलं की या माणसाला खोटी तक्रार चालणार नाही. करून पाहिल्यावर खरी ठरेल अशीच हवी. आणि अप्पांना जी तक्रार मनापासून कळायची ती एकच. पाणी नसणं.

गच्चीची किल्ली माझ्याकडे असते. टाकीखाली पाइपांना व्हॉल्व्ह आहेत. माझा बेत सोपा होता. सकाळी आमच्या बाजूचा व्हॉल्व्ह बंद करायचा, अप्पांना बोलवायचं, ते कोरड्या नळाखाली ओंजळ धरतील, दोन फोन करतील, मग मी हळूच जाऊन पाणी सोडीन. अडचण एवढीच की कुठला व्हॉल्व्ह कोणाचा हे मला ठाऊक नव्हतं. प्लंबरला घेऊन गच्चीवर नेहमी मीच जातो, पण तो काम करत असतो तेव्हा मी मलंगगडाकडे बघत उभा असतो. एक लाल चाक दिसलं. ते फिरवलं आणि खाली आलो.

ते अख्ख्या बिल्डिंगचं होतं.

आणि वार सोमवार. पोळ्यांची कणीक मळून ठेवलेली, डबे उघडे, निम्मी बिल्डिंग न्हाणीघरात. पहिली आरोळी तिसऱ्या मजल्यावरून आली. मग सगळीकडून. लोक बादल्या घेऊन जिन्यात आले आणि सवयीने, कोणी न सांगता, अप्पांच्या दाराशी थांबले. कांबळेबाई तर तोंडाला साबण लागलेल्या तशाच खाली आल्या. ‘अप्पा, पाणी गेलं हो! साबण डोळ्यांत चाललाय माझ्या! शाळेत कशी जाऊ?’

मी माझ्या दारात उभा होतो. माझ्या पायपुसण्यावर चपलांचा ढीग झाला होता.

अप्पा खुर्चीतून उठले. इतक्या दिवसांनी त्यांचा तो आवाज ऐकला. ‘पाणी येत नाही, हे खरे आहे काय?’

‘खरं आहे!’ अख्खा जिना ओरडला.

‘चला, बघूया काय तां,’ म्हणत त्यांनी बाही वर केली. वरपासून खालपर्यंत एकेका घरात गेले. प्रत्येक नळ उघडून ओंजळ धरली, प्रत्येक ओंजळ कोरडी राहिली. प्रत्येक घराबाहेर पडताना त्यांची मान जरा जास्त ताठ होत होती. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही.

सगळ्यात शेवटी ते माझ्यासमोर आले. हात पुढे केला. ‘सेक्रेटरी, गच्चीची किल्ली.’

मी म्हणालो, ‘मी येतो ना बरोबर.’

‘नको. पाहणीला तक्रारदार बरोबर येत नसतो.’

गुडघे दुखतात त्यांचे. कठड्याला धरून ते एकेक पायरी चढत वर गेले. मी खाली हात चोळत उभा. आता खाली येऊन सगळ्यांसमोर ते काय सांगतील, आणि लोक माझं काय करतील, हे दोन्ही मला दिसत होतं. त्याहून वाईट म्हणजे, ही तक्रारही खोटी होती हे त्यांना कळणार होतं.

थोड्या वेळाने घराघरांतून नळांचा सूं सूं आवाज आला, आणि मग पाणी. बायका बादल्या घेऊन पळाल्या. अप्पा सावकाश उतरले, किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि उरलेल्या लोकांना म्हणाले, ‘पाइपात हवा धरली होती. निघाली. काही बिघाड नाही.’ कोणीतरी टाळ्या वाजवल्या. अप्पांनी हात जोडले आणि घरात गेले.

मी धावत गच्चीवर गेलो. लाल चाक पूर्ण फिरवून उघडलेलं होतं. हवाबिवा काही नव्हती. आयुष्यभर ज्याने ‘हे खरे आहे काय’ असं विचारलं, तो माणूस माझ्यासाठी अख्ख्या बिल्डिंगशी खोटं बोलला होता.

जिन्यात कांबळेबाईंनी मला अडवलं. ‘तुमचंच काम ना हे? सांगायचं तरी, बादली भरून ठेवली असती.’ मग म्हणाल्या, ‘पण मग मी एवढी मनापासून ओरडले नसते.’

संध्याकाळी मी चपला घातल्या, समोरच्या दाराबाहेर काढल्या आणि अप्पांसमोर जाऊन बसलो. सकाळचं कबूल करायचं होतं. अप्पांनी चष्मा पुसला, माझ्याकडे बघितलं आणि आतल्या दिशेने तोंड करून म्हणाले, ‘सुमन, सेक्रेटरींना चहा मिळणार होता, हे खरे आहे काय? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

आत भांड्याचा आवाज थांबला. मग वहिनींचा आवाज आला, ‘प्रश्न उद्भवत नाही. टाकलाय.’

आम्ही चहा प्यायलो. अप्पांनी मला ऑफिसचं विचारलं, पावसाचं विचारलं. गच्चीचं काही विचारलं नाही. मीही काढलं नाही. उठलो तेव्हा ते दारापर्यंत आले. मी चपलांत पाय घालत होतो, तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि वहिनींना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले,

‘सेक्रेटरी, पुन्हा बंद कराल ना, तेव्हा रविवारी करा. आठवड्यात लोकांचे डबे असतात.’